नऊ धावांचे अंतर

क्रीडेचा विषय या सदरात आला म्हणजे आमच्या वाचकवर्गातील काही वडीलधारी मंडळी पान उलटितात, हे आम्ही जाणून आहोत. तथापि या खेपेस त्यांनी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. ज्या गोष्टीविषयी आम्ही लिहावयास बसलो आहोत ती मैदानावर घडली खरी. परंतु तिच्यात उत्पन्न झालेला प्रश्न प्रत्येक नांदत्या घरात, माजघरापासून ओटीपर्यंत, आज ना उद्या उपस्थित होतोच. हरलेल्याने हरल्यानंतर काय करावे, हा तो प्रश्न होय.

सन १९४८-४९ च्या रणजी करंडकाच्या हंगामाची ही हकिकत आहे. स्वातंत्र्याला जेमतेम दीड वर्ष होत होते. संस्थाने एकामागून एक विलीन होत होती. आमच्या सावंतवाडीचे संस्थानही १९४८ सालीच मुंबई प्रांतात सामील झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत काठेवाडातील संस्थानांचा एक संघ बनला. राजेरजवाड्यांचे अधिकार मावळत होते, तरी क्रिकेटच्या मैदानावर कप्तानपदाचा मान पुष्कळ ठिकाणी अद्यापि त्यांजकडेच होता. रणजी करंडकाची रचना त्या काळी बाद पद्धतीची असे. देशाचे विभाग पाडलेले असत, आणि एक सामना गमावला की संघाचा हंगाम तेथेच संपे. म्हणून प्रत्येक सामन्यास मोठे मोल असे.

महाराष्ट्राच्या संघाला त्या काळी एक विशेष परंपरा लाभली होती. १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ज्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने करंडक जिंकला, ते प्रा. दिनकर बळवंत देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक होते. सकाळी वर्गात संस्कृत आणि सायंकाळी मैदानावर बॅट, असा ज्यांचा नित्यक्रम, त्यांच्याविषयी आम्हा संस्कृत शिकविणाऱ्यांना अभिमान वाटल्यास वाचकांनी तो क्षम्य मानावा. देवधर १८९२ साली जन्मले व १९९३ साली, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी निवर्तले. व्यायाम आणि व्यासंग यांचे वैर आहे असे मानणाऱ्या पालकांना एवढे एकच उदाहरण पुरे व्हावे.

आता मूळ हकिकत. १६ डिसेंबर १९४८ रोजी पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा सामना सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. त्यानंतर महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. सामना सुरू होण्यापूर्वी चारच दिवस त्यांस एकोणतिसावे वर्ष पूर्ण झाले होते. त्यांची व कमल भांडारकर यांची जोडी जमली, आणि दुसऱ्या गड्यासाठी त्या दोघांनी ४५५ धावांची भागी रचिली. भांडारकर २०५ धावा करून परतले. निंबाळकर मात्र खेळतच राहिले. दोनशे झाल्या, तीनशे झाल्या, चारशेही झाल्या. सुमारे सव्वाआठ तासांच्या त्या खेळीत ४९ चौकार व एक षट्कार होता. तिसऱ्या दिवशी विश्रांतीची वेळ झाली तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा लागल्या होत्या, आणि त्यांपैकी निंबाळकरांच्या एकट्याच्या ४४३ होत्या.

त्या काळी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका खेळाडूने एका डावात केलेल्या सर्वाधिक धावा ४५२ होत्या. त्या ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांनी १९३० च्या जानेवारीत सिडनी येथे केल्या होत्या. म्हणजे निंबाळकरांना बरोबरीसाठी नऊ व पुढे जाण्यासाठी दहा धावांची आवश्यकता होती. ज्या वेगाने खेळ चालला होता तो पाहता हे काम दोन-तीन षटकांचे होते. परंतु विश्रांतीनंतर खेळ पुनः सुरू झालाच नाही. काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब होते. महाराष्ट्राने आपला डाव आता थांबवावा, असे त्यांचे म्हणणे पडले. तसे न होता त्यांनी सामना सोडून दिला, आणि संघ घेऊन ते मैदानातून निघून गेले. दोन षटके तरी खेळू द्यावीत, म्हणून महाराष्ट्राच्या बाजूने रदबदली झाली असे सांगतात; तिचा उपयोग झाला नाही. धावफलकावर ४४३ हा आकडा तसाच राहिला.

येथे काठेवाडकरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एकच पक्ष ऐकून निवाडा देणे न्यायशास्त्राला संमत नाही. त्यांचे गोलंदाज व क्षेत्ररक्षक दीर्घ काळ उन्हात राबत होते. महाराष्ट्राची आघाडी पाचशे अठ्ठ्याऐंशी धावांची झाली होती. सामन्याचा निकाल कोणत्याही अंगाने बदलणारा नव्हता. मग केवळ एका व्यक्तीच्या विक्रमासाठी अकरा माणसांनी का धावावे? शिवाय ज्यांच्याविरुद्ध जागतिक विक्रम झाला ते, अशी नोंद आपल्या नावापुढे कायमची लागावी, हे कोणास रुचेल? नियमाच्या दृष्टीने पाहिल्यास पराभव पत्करण्याचा अधिकार प्रत्येक पक्षास असतोच. ठाकोरसाहेबांनी नियम मोडला, असे म्हणता येणार नाही.

इतके सर्व मान्य करूनही आमचे मन समाधान पावत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी आम्हांस आमच्या दक्षिण कोकणात यावे लागेल. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मालवण-वेंगुर्ल्याकडे देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री दशावताराचा खेळ होतो. त्यास येथे धयकालो म्हणतात. पुण्यास तो सामना चालू होता त्या मार्गशीर्षात आमच्याकडे जत्रांचाच हंगाम होता. दशावतारात संवादांची लिखित वही नसते. प्रत्येक नट आपली भाषणे रंगभूमीवरच रचीत जातो. आता त्यातील राक्षसाची भूमिका पाहा. पहाटेस आपला वध होणार हे तो नट पेटाऱ्यातून वेष काढितानाच जाणून असतो. तथापि तो रात्रभर गर्जना करितो, देवाशी वाद घालितो, आणि नेमून दिलेल्या क्षणी पडतो. मध्यरात्रीच कंटाळून तो पेटारा उचलून घरी निघून गेला, तर विजय कोणाचा म्हणावयाचा? ज्याच्याशी झुंजावयाचे तोच समोर नसेल, तर देवाचे देवपणही सिद्ध होत नाही. पडणाऱ्याने अखेरपर्यंत उभे राहावे, हे जिंकणाऱ्याचे देणे आहे, प्रेक्षकांचेही आहे.

आणि हे देणे फेडणे अशक्य नसते, याचा पुरावा त्याच हंगामात, त्याच पुणे शहरात, त्याच महाराष्ट्राच्या संघाने दिला. १९४९ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र व मुंबई यांचा उपांत्य सामना झाला. तो सात दिवस चालला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७. मुंबईजवळ २४४ धावांची आघाडी असूनही तिने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ धावा करीपर्यंत फलंदाजी चालू ठेविली. माधव मंत्री यांचे द्विशतक झाले. उदय मर्चंट व दत्तू फडकर यांनी दोन्ही डावांत शतके काढिली. अशा रीतीने महाराष्ट्रापुढे विजयासाठी ९५९ धावांचे लक्ष्य ठेविले गेले. डिसेंबरात काठेवाडकरांपुढे जी निराशा होती तिच्याहून ही उणी नव्हती. 'आता पुष्कळ झाले' असे म्हणून निघून जाण्यास महाराष्ट्राच्या मंडळींनाही कारण होते.

परंतु ते गेले नाहीत. ते खेळावयास उतरले आणि त्यांनी ६०४ धावा केल्या. पहिल्या डावात शतक केलेले मधुसूदन रेगे यांनी दुसऱ्या डावातही शतक केले. अखेरचा गडी बाद झाला तेव्हा महाराष्ट्र ३५४ धावांनी पराभूत झाला होता, आणि त्या एका सामन्यात दोन्ही पक्षांच्या मिळून २३७६ धावा झाल्या होत्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत तो आकडा विक्रम म्हणून नोंदला गेला. विक्रम एका पक्षाने होत नाही, हे येथे स्पष्ट दिसते. महाराष्ट्राच्या पराभवातील १०११ धावा त्यात नसत्या, तर मुंबईच्या विजयाची आठवण आज कोणास राहिली असती? मुंबईने पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून करंडक नेला. पण जाणकार त्या हंगामाची आठवण काढितात ती या उपांत्य सामन्यासाठी.

निंबाळकरांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात आला होता व पाच कसोटी सामने चालू होते. फडकर त्यांत खेळले, रेगे यांसही मद्रासच्या कसोटीत संधी मिळाली; निंबाळकरांस बोलावणे आले नाही. त्या मालिकेतच नव्हे, तर पुढेही कधी आले नाही. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत बारा शतके करूनही ते कसोटीपासून वंचित राहिले. ब्रॅडमन यांचा विक्रम १९५९ साली पाकिस्तानच्या हनीफ महंमद यांनी ४९९ धावा करून मोडला, व १९९४ साली ब्रायन लारा यांनी ५०१ पर्यंत नेला. निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास एकच दिवस उरला असता वारले. जन्मभर हुलकावणी देणाऱ्या पूर्णतेने येथेही एक पाऊल अंतर राखिले. मात्र कोणाही भारतीयाने प्रथम श्रेणीच्या एका डावात केलेल्या सर्वाधिक धावा, हे मानाचे स्थान आम्ही हे लिहीत असेपर्यंत त्यांच्या ४४३ धावांकडेच आहे.

आता घरातील गोष्ट. भातकापणी होऊन मळे मोकळे झाले की आमच्या किनाऱ्यावर गावोगाव टेनिसच्या चेंडूचे सामने भरतात. आता तर रात्रीही दिवे लावून खेळतात. अशा सामन्यांत हार दिसू लागताच पंचांशी वाद काढून मैदान सोडणारी मुले आम्ही वेळोवेळी पाहिली आहेत. त्याहून खेदाची गोष्ट ही की, घरी आल्यावर 'बरे केलेस' म्हणून पाठ थोपटणारे वडील, काका व आजोबाही पाहिले आहेत. एकत्र कुटुंबात तर ही शिकवण फार लवकर मिळते. थोरल्या भावाला बक्षीस मिळाले की धाकटा जेवणावरून उठतो. चुलत बहिणीचे गुण अधिक आले की दुसरीच्या आईचा चेहरा उतरतो. आपण उठून गेल्याने समोरच्याच्या ताटातील गोडी कमी होईल, अशी एक गुप्त आशा त्यामागे असते. ठाकोरसाहेबांना दोष देणे सोपे आहे. आपल्या पंक्तीतून असे किती जण उठून गेले, हे मोजणे अवघड आहे.

म्हणून आमची गृहस्थांना व गृहिणींना एवढीच सूचना आहे. मूल जिंकून आले तर त्याला गोडधोड द्यावेच. परंतु ज्या दिवशी ते हरून, शेवटचा चेंडू होईपर्यंत मैदानात राहून घरी येईल, त्या दिवशी त्याच्या पानात एक घास अधिक वाढावा. आणि दुसऱ्याचे मूल आपल्या मुलापेक्षा पुढे जात असेल, तर त्याला उरलेल्या नऊ धावा काढू द्याव्यात. त्यासाठी आपणांस फार तर आणखी दोन षटके उन्हात उभे राहावे लागेल.