शब्दांची कुळकथा : ‘स्कँडल’

वर्तमानपत्रांच्या कृपेनें ‘स्कँडल’ हा इंग्रजी शब्द आतां आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोंचला आहे. कोणाचें लाजिरवाणें वर्तन उघडकीस येऊन त्याचा चारचौघांत बभ्रा झाला, कीं तें ‘स्कँडल’. आपल्या भाषेंत कुलंगडें, भानगड असे रोखठोक शब्द आहेतच. परंतु या परकीय शब्दाचें कुळ पाहण्यासारखें आहे.

मूळ शब्द ग्रीक ‘स्कान्दालोन’. त्याचा अर्थ सापळा, किंवा वाटेंत ठेवलेला अडथळा. सापळ्याच्या ज्या काडीस आमिष लावतात, तिला ‘स्कान्दालेथ्रोन’ म्हणत. उडी मारणें या अर्थाच्या आपल्या ‘स्कन्द्’ धातूशीं भाषाशास्त्रज्ञ याचें नातें जोडतात. (संस्कृतज्ञ वाचकांस येथें ‘स्खलन’ आठवेल. अर्थ जुळतो खरा, पण ‘स्खल्’ हा धातु निराळा.)

यहुदी धर्मग्रंथांत, आंधळ्याच्या वाटेंत अडथळा ठेवूं नये, अशी आज्ञा आहे. तिच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत हाच शब्द योजिला आहे. म्हणजे दोष कोणाचा? ठेंच लागून पडणाराचा नव्हे, धोंडा ठेवणाराचा! पुढें ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या लॅटिनमध्यें, दुसऱ्यास पापाच्या वाटेस लावणारें वर्तन असा अर्थ आला. मग त्या वर्तनानें होणारी बेअब्रू, आणि अखेर नुसती कुजबूजसुद्धां.

याच लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्फत ‘स्लँडर’, म्हणजे खोटी निंदा, हा शब्दहि इंग्रजींत आला. दोघे एकाच मातेचीं लेंकरें! शेरिडनच्या १७७७ सालच्या नाटकांत तर ‘स्कँडल’ची शाळाच भरते, आणि तेथील पटाईत विद्यार्थी कुकर्म करणारांपेक्षां त्याच्या वार्ता पिकविणारेच अधिक. इंग्लंडांत १२७५ च्या कायद्यानें थोरामोठ्यांच्या खोट्या निंदेस बंदी केली होती. हें विशेष कवच १८८७ पर्यंत टिकलें. सीता राजाची राणी, परंतु लोकापवादापुढें तिला असें कवच कोठें लाभलें? तिच्या वाटेंत धोंडा ठेवणाराचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. आजहि एखाद्या सुनेस कचेरींतून यावयास उशीर झाला, कीं घरांत जें सुरू होतें, तें ‘स्कँडल’ नव्हे, ‘स्लँडर’ होय, असें आम्हीं स्पष्ट म्हणतों.

पैशाच्या अफरातफरीसहि अलीकडे हाच शब्द लावतात. तेथें मात्र आपला ‘घोटाळा’ पुरेसा आहे; त्यासाठीं ग्रीसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.