तण कोणतं, ते ग्रामसभा ठरवेल



मागच्या पावसाळ्यात आमच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात मोह, चार, बेहडा, आवळ्याची रोपं लावली. नारळ फुटला, साहेब आले, फोटो निघाले. दिवाळीनंतर मी अन् दोन मैत्रिणी पाहायला गेलो तं रोपं दिसेचनात. कमरेएवढं गवत, मधामधात घाणेरी. हातानं गवत फाकवून शोधलं. सापडली त्यातली अर्धी पिवळी पडलेली. होळीच्या आधी आग लागली. सुकलेलं गवत रोपाला खेटून उभंच होतं, उरलेलीही गेली.

अन् कागदावर काय लिहिलं? गावच्या गुरांनी रोपं खाल्ली. आता उद्या हाच कागद दाखवून म्हणतील, ग्रामसभेला जंगल राखता येत नाही. खड्ड्याचे पैसे धरले, रोपाचे धरले, फलकाचेही धरले. निंदणाची एका दिवसाची मजुरी कोणी धरली नव्हती, हे मात्र कुठंच लिहिलं नाही.

यंदा आम्ही निंदणाचं नाव काढलं तं उत्तर आलं, मजुरी परवडत नाही, तणनाशक मारा. मी सभेत उठून विचारलं, तुमचं औषध मोहाचं रोप ओळखते काय? ग्लायफोसेट ज्या हिरव्या पानावर पडते त्याला मारते. तरोटा मरेल, ज्याची भाजी आपण पहिल्या पावसात खातो. आपोआप उगवलेली टेंभरूनची, चाराची पिल्लं मरतील, अन् ती तर लावलेल्या रोपापेक्षा पक्की असतात. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या औषधापासून माणसाला कॅन्सर होण्याचा संभव आहे असं सांगितलं. पंप पाठीवर कोण घेणार? साहेब तं नाही. 2017 मध्ये यवतमाळात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी अन् मजूर मेले. ते कीटकनाशक होतं, हे वेगळं आहे, मला ठाऊक आहे. पाठ मात्र आपल्यासारख्यांचीच होती.

तण म्हणजे काय, हेही आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. 1974 साली वन विकास महामंडळ निघालं, मिश्र जंगल तोडून साग लावला. सागाच्या हिशेबात आपलं बाकीचं जंगल नको असलेलं. माहुलीच्या पानाच्या आपण पत्रावळी करतो, सालीचे दोर वळतो. त्यांच्या लेखी ती वेल तोडायची गोष्ट. घाणेरी इंग्रजांनी बागेत शोभेसाठी आणली, ती जंगल खाऊन राहिली तरी तिच्याकडे पाहायला कोणी नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. मंग काय ठेवायचं अन् काय उपटायचं, ते आपणच ठरवू.

सगळं रान साफ करायचं नाही. रोपाभोवती दोन-दोन हात गोल खुरप्यानं मुळासकट काढायचं. बाकी गवत माती धरून ठेवते, कापून गुरांना होते. काढलेलं गवत रोपाच्या आळ्यात पसरा म्हणजे ओल राहते, पण खोडाला टेकू देऊ नका, उधई लागते. दिवाळीनंतर मात्र ते सुकलेलं गवतही उचला, नाही तं आगीला वाटच मिळते. घाणेरी वरून छाटली की डबल फुटते. तिचं मूळ कुदळीनं जमिनीखाली चार बोटं तोडायचं अन् झुडूप उलटं टाकायचं, फळं धरायच्या आधी. फळं धरली की पाखरं बी सगळीकडे नेतात. एका वर्षात हे होत नाही, तीन पावसाळे लागतात.

आता आपल्या गड्यांनाही बोलते. सभेत म्हणाले, झाडाला काय निंदता, ते बायांचं काम! खड्डे खोदायच्या मजुरीला तुम्ही पुढं अन् निंदणाला आम्ही? घाणेरीचं मूळ काढून पाहा, मंग बोला. बाया-माणसांची मजुरी सारखीच लागेल.

पोळ्याच्या आत पहिलं निंदण, दिवाळीच्या आत दुसरं. रोजगार हमीत कामाची मागणी गावानं एकत्र लेखी द्या अन् तारखेची पोच घेतल्याशिवाय परतू नका. ठरावात तीनही पावसाळ्यांच्या निंदणाचे दिवस लिहा, तणनाशक बंद असंही लिहा. किती रोपं जगली ते ग्रामसभेच्या वहीत आपणच मोजून मांडा, दर निंदणाला. एक नक्कल आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात छापू.