चित्रांची पाटी घेताना



गेल्या महिन्यात कामानिमित्त मुंबईस जाण्याचा योग आला. माझी भाची जुहूला एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या आवारात गृहविज्ञान शिकते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली लावलेल्या रोपाचीच ही एक फांदी. निघताना दाजींनी बजावले होते, "पोरगी चित्रं काढायची कसली पाटी मागते. दहा हजार सांगते. सोयाबीनचे देणेघेणे फिटून हातात थोडेच उरलेत. तुम्ही बघून या आणि घेऊ की नको ते सांगा."

पोरीचा हात चांगला आहे. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, पण पुढे अभ्यासात रंगपेटी मागे पडली. आता फोनवर बोटाने चित्रे काढते. बोट जाड आणि रेघ बारीक, तेव्हा अडते. हौस खरी होती, म्हणून मी बसून चौकशी केली. ती आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगी पडेल.

बाजारात 'टॅबलेट' या एकाच नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे स्वतंत्र चालणारा, मोठ्या फोनसारखा टॅबलेट. दुसरी, पडदा असलेली पाटी. तिच्यावरच चित्र दिसते आणि किंमतही तशीच असते. तिसरी बिनपडद्याची काळी पाटी. तिच्यावर लेखणी फिरवायची आणि चित्र संगणकाच्या पडद्यावर पाहायचे. स्वस्त ती हीच. मात्र ती एकटी चालत नाही. संगणक किंवा तिला चालणारा फोन हवाच. एका ओळखीच्या गृहस्थांनी घरात संगणक नसता मुलासाठी अशी पाटी घेतली, ती आजही कपाटावर पडून आहे. फोनला जोडायची असेल तर आपल्या फोनला ती चालते का हे आधी दुकानातच जोडून पाहावे. फोन उभा धरला तर पुष्कळ पाट्यांचा थोडासाच भाग काम देतो, हेही ध्यानात असू द्यावे. भाचीकडे अभ्यासासाठी घेतलेला जुना लॅपटॉप होता, त्यामुळे हा प्रश्न सुटला.

दुकानदाराने प्रथम दाखवला तो आकडा. "हिच्यात दाबाच्या ८,१९२ पायऱ्या, तिच्यात नुसत्या २,०४८." दाब म्हणजे लेखणी जोरात टेकली की रेघ जाड, हलकी टेकली की बारीक. पण बियाण्याच्या पिशवीवरचा आकडा आणि शेतातली उगवण यांत फरक असतो, हे आपणांस सांगायला नको. हौशी हाताला २,०४८ पुष्कळ झाले. त्यापेक्षा दोन गोष्टी करून पाहाव्यात. लेखणी अगदी अलगद टेकवावी. रेघ लगेच उमटली पाहिजे. मग पट्टी धरून तिरपी रेघ अगदी सावकाश ओढावी. रेघ सापासारखी वळवळली तर ती पाटी परत द्यावी, मग आकडा काही का असेना.

लेखणी बिनबॅटरीची घ्यावी. पाटीच्या आत तारांची जाळी असते, तिच्या चुंबकीय लहरींवरच लेखणीतले वेटोळे चालते. १९८३ साली जपानात स्थापन झालेली वॅकॉम कंपनी या तंत्रात जुनी. ह्यूऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांच्या पाट्याही आता अशाच मिळतात. या तंत्राचा एक फायदा मला फार आवडला. कागद मध्ये आला तरी पाटीला लेखणी कळते. आईने कागदावर काढलेली रांगोळी पाटीवर ठेवून गिरवली की ती संगणकात उतरते. फोनसाठी मिळणारी रबरी टोकाची स्वस्त लेखणी ही निराळी चीज. तिला दाब कळत नाही, आणि या पाटीवर ती चालतही नाही.

आकाराचे म्हणाल तर तीन एकराला साडेसात हॉर्सपॉवरचा पंप कोणी बसवत नाही. साधारण सहा इंच बाय चार इंच जागेची पाटी नवशिक्यास पुरते. अशी पाटी तीन-चार हजारांच्या घरात मिळते. दहा इंची पाटीवर हात खांद्यापासून फिरतो, मोठ्या रेघा मोकळ्या येतात हे खरे. पण वसतिगृहातल्या टेबलावर वही, लॅपटॉप आणि ती, तिन्ही मावत नाहीत. लेखणीचे टोक फवारणीच्या नोझलसारखे झिजते, म्हणून जादा टोके सोबत आहेत का आणि पुढे सुटी मिळतील का, हे विचारावे. पावती पक्की घ्यावी. चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅमसाठी पैसे मोजू नयेत. क्रिता नावाचा उत्तम प्रोग्रॅम फुकट आहे आणि तो चोरीचा नाही.

महाग अवजारावाचून चित्र येत नाही म्हणणाऱ्यांना डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आठवावेत. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढ्या साहित्याची ती वारली कला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

भाचीने सहा इंची पाटी घेतली. त्यात खाणावळीतून वाचवलेले बाराशे तिचे होते, उरलेले दाजींचे. संध्याकाळी तिने पहिले चित्र काढले, आमच्या घरच्या खिलारी बैलाचे. शिंगे दोन्ही वाकडी आली. "हात इथं आणि रेघ तिथं, मामा, जमतच नाही," म्हणून ती रडकुंडीस आली. हाताकडे न पाहता पडद्याकडे पाहण्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात, असे मी तिला सांगितले.

रात्री दाजींना फोन केला. किती लागले ते सांगितले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "बैल कुठला काढला? सर्जा का?"