कॅमेरे घ्या, पण आधी यादी काढा

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. आमच्या मंडळीबाहेरच्या मित्रांनीही वाचली तर आवडेल. गणेश मंडळ असो, मशिदीची कमिटी असो नाहीतर हाउसिंग सोसायटी, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच घडलंय.

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या पास्टरेट कमिटीची बैठक झाली. विषय एकच. चर्चमध्ये तीन कॅमेरे, नवा मिक्सर आणि भिंतीवर मोठा एलईडी स्क्रीन. अंदाजे खर्च साडेतीन लाख. प्रस्ताव मांडणारा आमचा तरुण सभासद चांगला आहे, कळकळीचा आहे. तो म्हणाला, "कोविडमध्ये ऑनलाइन उपासनेनंच मंडळी टिकवली. परत तशी वेळ आली तर आपण तयार पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, कारण २०२० मध्ये ते मोबाइल, स्टँड, लाइव्ह वगैरे मीच बघत होतो. मी गप्प बसलो. तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय.

मंडळी माझ्या लाइव्हमुळे टिकली नाही. टिकली ती एका दोनशेपानी वहीमुळे. आणि त्या वहीत ज्याचं नाव नव्हतं असा एक माणूस गेला, तेव्हा आम्हाला नऊ दिवस पत्ता लागला नाही.

आधी तो काळ आठवा. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यू, रविवारच होता. तिथपासून १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली तोपर्यंत मोजले तर ३५ रविवार होतात. पुढच्या वर्षी ईस्टर झाल्या झाल्या पुन्हा कुलूप लागलं ते ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला निघालं. ते आणखी २६. म्हणजे एकूण ६१ रविवार. नगर जिल्ह्यात आमच्या आजोबा-पणजोबांपासून मंडळ्या आहेत, पण एवढे रविवार चर्चला कुलूप लागल्याचं माझ्या वडिलांनाही आठवत नाही.

बंद ठेवलं ते बरोबरच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. "विश्वास कमी पडला म्हणून दार लावलं" असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या डेगू शहरात एका पंथाच्या सभांमधून साथ कशी पसरली ते सगळ्या जगानं पाहिलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच देशात, केरळमध्ये मुन्नारला पाळकांचं शिबिर झालं. त्यानंतर कितीतरी पाळक आजारी पडले, काही दगावले. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेला नाही. त्यानं आणि त्याच्या बायकोनं आजाऱ्यांना घरात ठेवून घेतलं. त्याच सुमारास त्यानं एक पत्र लिहिलं, ते २०२० मध्ये आपल्या ग्रुपवर शंभर वेळा फिरलं. पण जो तो आपल्या सोयीचा अर्धा भाग पाठवायचा. पाळकानं आपल्या माणसांना सोडून जाऊ नये असं त्यात आहे. आणि जिथं आपली गरज नाही तिथं उगाच जाऊन रोग पसरवू नये, औषधपाणी करावं, हेही त्यातच आहे. दार बंद ठेवायचं आणि माणसाला सोडायचं नाही, ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची होती. पहिलं सरकारनं आमच्याकडून करून घेतलं. दुसरं आमच्यावर होतं.

मी काय केलं? पहिला लाइव्ह केला. १० एप्रिलचा गुड फ्रायडे आणि १२ तारखेचा ईस्टर, पाळकसाहेब रिकाम्या बाकांसमोर उभे, पेटीवर एकच जण, आणि मोबाइल धरून मी. ईस्टरला बाराशे व्ह्यू दिसले. केवढा आनंद! आमच्या चर्चमध्ये भर नाताळातसुद्धा चारशेच्या वर माणूस मावत नाही. मी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. फेसबुक तेव्हा तीन सेकंद पाहिलं तरी व्ह्यू धरायचं, हे मला बऱ्याच नंतर कळलं.

साधारण पाचव्या आठवड्यात मला फोन आला. मिशन दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक नर्स आहेत, आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं, आवाज वॉर्डातला. म्हणाल्या, "तुझे व्ह्यू मोजून झाले असतील तर मला मंडळीची यादी दे." त्यांनी आपल्या ओळखीच्या बारा घरी फोन केले होते. पाच घरांत स्मार्टफोनच नव्हता, किंवा होता तो पोरगा ड्यूटीवर घेऊन जायचा. एका घरी नवरा-बायको दोघं वयस्कर, बीपीच्या गोळ्या संपून सहा दिवस झालेले. दुकान बंद असेल असं समजून ते बाहेर पडलेच नव्हते.

यादी शोधायला गेलो तर चर्चची अशी यादीच नाही! बाप्तिस्म्याचं रजिस्टर आहे, लग्नाचं आहे, पुरलेल्यांचंही आहे. पण आज हयात कोण, कुठं राहतं, घरात कोण कोण, याचा एकही कागद नाही. शेवटी मागच्या कमिटी निवडणुकीची मतदार यादी सापडली. तीच दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

सिस्टरनी वही आखली. नाव, फोन, घरात कोण, औषधं कोणती, किराणा आहे का, शेवटचं बोलणं कधी झालं. महिला मंडळातल्या चौदा जणी आणि दोन रिटायर गुरुजी, प्रत्येकाकडे दहा-बारा घरं. दर तीन दिवसांनी फोन झालाच पाहिजे. सिस्टरचा नियम कडक होता. फोनवर प्रवचन करायचं नाही. जेवलात का, गोळ्या आहेत का, झोप लागते का, एवढंच विचारायचं आणि मग ऐकत बसायचं. समोरच्यानं म्हटलं तरच प्रार्थना करायची. एका गुरुजींना हे जमेना, ते दहा मिनिटं वचन सांगायचे. सिस्टरनी त्यांच्याकडची घरं सरळ काढून घेतली!

त्या वहीतून जे कळलं ते कुठल्याच लाइव्हवर कळलं नसतं. कोविड वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या आपल्या तीन मुलींना घरमालकानं जिन्याचा नळ वापरू नका म्हणून सांगितलं होतं. एका घरात बाप दारूशिवाय चवताळला होता आणि आई रोज रात्री संडासात जाऊन फोन करायची. इंग्लिश मीडियमच्या खाजगी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा पगार एप्रिलपासून बंद, आणि त्या दर रविवारी लाइव्हखाली न चुकता 'आमेन' लिहायच्या. मी ते 'आमेन' मोजत होतो!

बँडवाल्यांचं तर विचारू नका. आपल्यातले किती जण लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. एप्रिल-मेचा सीझन म्हणजे त्यांची वर्षाची कमाई, ती सगळी गेली. पण मदत मागायला एकही आला नाही. ज्यानं वर्षानुवर्षं नाताळात चर्चच्या दारात वाजवलं, तो किराण्याच्या पिशवीसाठी रांगेत कसा उभा राहील? इथं माझी एक चूक सांगतो. पहिल्या वाटपाचे फोटो मी टाकले होते. त्यातला एक मुलगा माझ्या मुलीच्या वर्गातला. तिनं मला विचारलं, "पप्पा, त्याला विचारलं होतं का?" फोटो काढून टाकला, पण तोवर पाहायचा त्यांनी पाहिला होता. पुढं पिशव्या अंधार पडल्यावर दारात ठेवायची पद्धत सिस्टरनी पाडली.

लाइव्हचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही, तेवढा अप्रामाणिक नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजींना मुलगा मोबाइल धरून दाखवायचा. त्या पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसायच्या आणि आशीर्वादाच्या वेळी हात जोडायच्या. दुबईत अडकलेली आपली पोरं बघायची. घरोघरी प्रभुभोजन घेतलं तेव्हा कुणाकडे द्राक्षाचा रस, कुणाकडे कोकम सरबत. त्यावरून कमिटीत दोन तास वाद झाला तो वेगळा. पण दिसणं आणि विचारपूस यात फरक आहे. लाइव्हमध्ये आम्ही त्यांना दिसत होतो, ते आम्हाला दिसत नव्हते.

आता त्या मतदार यादीकडे येतो.

आपल्याकडे मतदार यादीत नाव राहायचं तर वर्गणी भरलेली लागते. थकली की नाव जातं. कायद्यानं ठीकच असेल. पण आम्ही तीच यादी काळजी घ्यायची यादी म्हणून वापरली. म्हणजे ज्याला वर्गणी परवडली नाही तोच नेमका वहीच्या बाहेर. हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, सिस्टरच्याही नाही.

असे एक काका होते. बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. बायकोच्या आजारपणात दोन वर्षं वर्गणी राहिली, ती गेल्यावर ते चर्चला येणं कमी झालं. एका खोलीत एकटे राहायचे. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना कोविड झाला. कुणीतरी सरकारी सेंटरला नेऊन सोडलं, तिथं ते गेले. नातेवाईक म्हणून कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. पालिकेच्या माणसांनी अंत्यविधी उरकला. नऊ दिवसांनी घरमालकानं पाळकसाहेबांना फोन केला. विचारलं काय, तर खोलीतलं सामान कोण नेणार? सामान आणायला मी गेलो होतो. एक ट्रंक, स्टोव्ह, शुभवर्तमानाचं जुनं पुस्तक आणि ते कॉर्नेट.

३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं कोविडनं गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं असं परिपत्रक काढलं आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी बदललं. तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढा संताप! आपल्या माणसाला माती मिळालीच पाहिजे म्हणून मीही तावातावानं लिहिलं होतं. सहा महिन्यांनी आमचाच माणूस गेला, तेव्हा त्याला माती द्यायला किंवा दहनाच्या वेळी उभं राहायला आमच्यातलं कुणी नव्हतं. यात पालिकेचा काय दोष? अंत्यविधीला वीस माणसांची मुभा होती. एक जरी गेला असता!

त्याच दिवसांत राज्यात मोठा वाद पेटला होता. ऑगस्टच्या शेवटी घंटानाद आंदोलन झालं. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले. मग राज्यपालांचं मुख्यमंत्र्यांना ते गाजलेलं पत्र. बार उघडे आणि देवाचं दार बंद, हे मलाही खटकलं, अजूनही खटकतं. पण सगळी भांडणं कुलपाची होती. दार उघडल्यावर आत कोण येणार नाही, हे कुठल्याच पक्षानं विचारलं नाही. आम्हीही नाही. १६ नोव्हेंबरनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सॅनिटायझर, थर्मल गन, बाकांवर फुल्या, सगळं चोख ठेवलं. रिकाम्या जागा फुल्यांमुळे की माणसं नाहीत म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या लाटेबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांच्या घरात ती येऊन गेलीय. एवढंच सांगतो की तोवर वहीत वर्गणीबाहेरची एकतीस घरं चढली होती आणि बेड शोधायला, डबा पोचवायला तीच वही उपयोगी पडली. आणि एक लाजिरवाणी गोष्ट. दानाची थैली फिरत नव्हती म्हणून पाळकसाहेबांचा पगार कितीतरी महिने अर्धा झाला. त्यांनी किती जणांना माती दिली, पीपीई किटमध्ये घामानं निथळत. त्यांना "साहेब, जेवलात का" असा फोन वहीतल्या कुणी केला नाही. ते वहीत नव्हतेच.

मग आजचा प्रश्न. वहीचं काय झालं? चर्च उघडलं आणि फोन थांबले. सिस्टरना मोतीबिंदू झाला, वही माझ्याकडे आली, माझ्या कपाटात पडली. लाइव्ह मात्र चालू राहिला. आता तर कुणी दोन महिने दिसलं नाही की आपणच म्हणतो, "ऑनलाइन बघत असतील." या एका वाक्यानं आपली सगळ्यांची सोय झालीय.

आपल्या मिशनच्या जुन्या काळात बायबल बाई असायच्या, ठाऊक आहेत ना? घरोघर जाणाऱ्या, कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाच्या घरी उपास, सगळं माहीत असणाऱ्या. पगार तुटपुंजा, पण पाळकाला मंडळी कळायची ती त्यांच्या डोळ्यांनी. ती पद्धत आपण मोडीत काढली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी प्रस्तावाच्या विरोधात मत देणार आहे. कॅमेऱ्यांना माझा कायमचा विरोध नाही. एक बरा कॅमेरा घ्या, तीस-चाळीस हजारांत येतो, आजींना तेवढा पुरे. उरलेल्या पैशांतून अर्धवेळ मानधनावर एक भेटी देणारी बाई नेमा, निदान दोन वर्षं. आणि त्याआधी यादी. वर्गणी भरलेल्यांची वेगळी, माणसांची वेगळी. दोन्ही एकच आहेत असं परत कुणी समजू नये.

पोस्ट वाचून काही जण चिडतील, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर का आणल्या म्हणतील. बैठकीत बोललो नाही ही माझीच चूक, ती मान्य.

काल रात्री वही काढून बसलो होतो. चौदा नंबर असे आहेत की उचलतच नाहीत, किंवा आता दुसऱ्याच कुणाचे आहेत. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी चर्चच्या हॉलमध्ये ती वही घेऊन बसणार आहे. त्या चौदा घरांपैकी कुणाचं काय झालं हे ज्यांना माहीत असेल त्यांनी या. जुन्या लोकांनी चष्मे आणा, सिस्टरचं अक्षर बारीक आहे.