परिचारिकेच्या करुणेवर किती भार?

बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना कायम पदे, विशेष प्रशिक्षण आणि हक्काची विश्रांती देण्याची जबाबदारी शासनाने आता टाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ‘लिव्हिंग विल’ची, म्हणजे अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राची, प्रक्रिया सोपी केली, राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत ही इच्छापत्रे जपणारे अधिकारीही नेमले गेले. कागदाची सोय झाली. व्हेंटिलेटर नाकारणाऱ्या रुग्णाच्या उशाशी बसणार कोण?

मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रणेत्या सिसिली साँडर्स मूळच्या परिचारिकाच. शरीराबरोबर मन, नातीगोती आणि श्रद्धाही दुखावतात, ही त्यांची मांडणी. मुंबईचे शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून याच वाटेने चालले आहे. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असे रुग्ण विचारतो तेव्हा औषध उपयोगी पडत नाही. तेथे परिचारिकेची स्वतःची श्रद्धा कामी येते, मग ती देवावरची असो वा माणसावरची. कामाचे समाधानही तिला बहुधा त्यातूनच लाभते. पण हे समाधान वेतनाच्या जागी धरणे हा उघड अन्याय आहे. लागोपाठ मृत्यू पाहून, शोकाला उसंत न मिळता पुढच्या खाटेकडे वळावे लागले, की ती नोकरी सोडते किंवा आतून कोरडी होते. दोन्ही वेळी वेदनाशामक मॉर्फिनची मात्रा रुग्णालाच उशिरा मिळते.

येत्या अर्थसंकल्पात प्रत्येक जिल्हा रुग्णालयातील पॅलिएटिव्ह केअरसाठी, म्हणजे अशा रुग्णांच्या वेदना हलक्या करणाऱ्या शुश्रूषेसाठी, परिचारिकांची स्वतंत्र पदे मंजूर करावीत, आणि ती कंत्राटी नसावीत.