कोरी दोन वर्षे

परवा पुतणी लॅपटॉप घेऊन आली. "काका, लिंक्डइनवरची माझी ओळख लिहून द्या. कादंबऱ्या लिहिता ना?" वहिनींच्या आजारपणात तिने दोन वर्षे नोकरी सोडली होती. तो काळ 'स्वतंत्र सल्लागार' म्हणून दाखव, असे मैत्रिणींचे म्हणणे.

टॉम पीटर्स या अमेरिकी लेखकाने १९९७ साली 'तुम्हीच एक ब्रँड' ही कल्पना मांडली, आणि साबणासारखे माणसालाही वेष्टन आले. वेष्टनाला माझी हरकत नाही. मीही बँकेत इस्त्रीच्याच शर्टात जात असे. घरची भांडणे काउंटरवर नेली नाहीत. पण कर्जाचे अर्ज तपासताना एक पाहिले. तोट्याचे वर्ष उघड दाखवणाऱ्याशी पुढे बोलणी होत. लपवणाऱ्याच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येई. (कादंबरीत खोटे चालते, कारण मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असे छापलेले असते.)

लिंक्डइनने २०२२ मध्ये नोकरीतला खंड नोंदवण्याची सोयच करून दिली. तिथे मी लिहिले : 'दोन वर्षे आईची शुश्रूषा.' आजाराचे नाव, जागरणे यांतले काही नाही; ते घरचे.

"काका, याने मुलाखतीला बोलावतील?"

मला सांगता आले नाही. तिने ओळ दोनदा वाचली आणि तशीच ठेवली.