मरणाचा हक्क मिळाला. मरणाऱ्याची सेवा कोण करणार?

बोरिवलीहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की गोराई गाव लागते. गाव मुंबई महापालिकेच्याच हद्दीत आहे. मोठी रुग्णालये मात्र खाडीच्या अलीकडे. रात्री फेरीबोट थांबली की उत्तन-भाईंदरचा वळसा घेऊनच शहर गाठावे लागते. अशा गावातील एखाद्या कोळ्याच्या घरी कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्ण आहे, असे क्षणभर समजा. ‘आता घरी न्या’ एवढे सांगून रुग्णालय मोकळे होते. रात्री दोन वाजता उठणाऱ्या कळेचे काय करावयाचे, हे त्या घराला कोणी सांगितलेले नसते.

आपल्याकडे मरणाविषयी चर्चा झाली नाही असे नाही. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निष्क्रिय इच्छामरणाची वाट मोकळी केली. २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात असल्याचे सांगून वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्यातील जाचक अटी सैल केल्या. हे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु ते प्रामुख्याने कोणाच्या उपयोगाचे, हेही विचारले पाहिजे. अतिदक्षता विभागाचे बिल ज्याला परवडते, त्याच्यापुढे यंत्र केव्हा थांबवावे हा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या वाट्याला यंत्रच येत नाही, त्याला उपचार नाकारण्याचा हक्क देऊन काय साधणार? त्याला हवी असते वेदना थांबवणारी गोळी, अंथरुणातल्या जखमा धुणारा हात आणि घरच्यांना धीर देणारे माणूस.

शानबाग प्रकरणाचा खरा धडा आपण विसरलो आहोत. १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या या सहकारिणीची शुश्रूषा केली. ते एक सार्वजनिक रुग्णालय होते. म्हणजे समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत ही क्षमता आहे, हे सिद्ध झाले आहे. जे एका सहकारिणीसाठी ममतेने घडले, ते प्रत्येक नागरिकासाठी व्यवस्था म्हणून का घडू नये?

वेदनाशमनाचे शास्त्र नवे नाही. मॉर्फीनची गोळी महागही नाही. ती महाग केली १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळाने. ते जंजाळ दूर करण्यासाठी २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून उभे आहे. टाटा रुग्णालयातही उपशामक सेवेचा विभाग आहे. त्यांच्या कार्यापुढे नतमस्तक व्हावे. पण धर्मादाय संस्थेच्या चांगुलपणाआड शासनाने आपली जबाबदारी लपवावी, हे मान्य करता येणार नाही. महाराष्ट्राने २०१२ साली उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. केरळने त्याआधी, २००८ साली, असे धोरण आणले आणि पंचायतींच्या परिचारिका घरोघरी पाठविल्या. धोरण दोघांकडेही आहे. फरक आहे तो राजकीय इच्छाशक्तीचा.

‘आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे, रुग्णाचे घरचे लोक पाहतात,’ असे यावर सांगितले जाते. हे घरचे लोक म्हणजे कोण? बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी. मासळीची पाटी किंवा धुण्याभांड्यांचे काम सोडून ती महिनोन्‌महिने उशाशी बसते. तिची बुडालेली मजुरी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. संस्कृतीचा गौरव करायचा आणि तिची किंमत बाईच्या कष्टातून वसूल करायची, हा शुद्ध ढोंगीपणा होय.

आणि मृत्यूनंतर? नातेवाइकांच्या हाती प्रथम पडते ते बिल. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवू नये, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत लिहावे लागले, यातच सारे आले. आप्त गमावलेल्या माणसाला क्षणभर बसायला बाक नाही, दोन शब्द बोलायला माणूस नाही. रोजंदारीवरील मजुराला तर दुःखाची रजाही नाही. तेराव्याला गाव जेवते, चर्चमध्ये प्रार्थना होते; शेजारधर्म अजून मेलेला नाही. मेला आहे तो शासनाचा धर्म.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिकेच्या प्रत्येक विभागात घरी जाणारे उपशामक पथक हवे. गोराईसाठी ते खाडीपलीकडेच राहणारे हवे. सार्वजनिक रुग्णालयांत मॉर्फीन अखंड मिळाले पाहिजे. शुश्रूषेमुळे बुडणाऱ्या मजुरीची भरपाई झाली पाहिजे. मृत्यूनंतर त्या घरी परिचारिकेची किमान एक भेट व्हावी आणि पुढे लागेल तशी मदत मिळावी.

श्रमिक माणसाचे जगणे या शहराने खाडीपलीकडे लोटले आहे. निदान त्याचे मरण तरी अलीकडच्या दिव्यांकडे पाहत, विव्हळत येऊ नये.